नोकरदार पैलवान

हल्लीच्या पैलवानांविषयी माझी एकच तक्रार आहे. ते काही कामधंदा करत नाहीत.

म्हणजे व्यायाम करतात, दोरांवरून उड्या मारतात, माइक हातात धरून वीस-वीस मिनिटं बोलतात. पण "आपण काय करता?" असं कुणी विचारलंच, तर सांगायला काही नाही. दाढी आहे, दंडभर गोंदण आहे, नोकरी नाही. परवा पुतण्याबरोबर नेटफ्लिक्सवर डब्ल्यूडब्ल्यूई ही अमेरिकन कुस्ती बघायला बसलो, तर जो जो रिंगमध्ये येईल त्याच्याबद्दल माझ्या तोंडून तोच प्रश्न. "हा करतो काय?" पुतण्या म्हणाला, "काका, तो चॅम्पियन आहे." अरे हो, पण पोटापाण्याचं काय?

आमच्या वेळी असं नव्हतं. आमच्या वेळी म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई हे डब्ल्यूडब्ल्यूएफ होतं तेव्हा. पांडाचं चित्र लावणाऱ्या वन्यजीववाल्यांनी कोर्टात खेचून २००२ मध्ये त्यांना नाव बदलायला लावलं, त्याच्या बऱ्याच आधी. नव्वदच्या दशकाच्या त्या पहिल्या पाच-सहा वर्षांत रिंगमध्ये उतरणारा जवळजवळ प्रत्येक जण कुठेतरी कामाला होता. बिग बॉस मॅन तुरुंगात पहारेकरी होता, आणि तो माणूस पूर्वी जॉर्जियात खरोखरच तुरुंगात नोकरी करून आलेला. म्हणजे अनुभवाच्या दाखल्यासकट भरती. रेपो मॅन हप्ते थकवणाऱ्यांच्या गाड्या ओढून न्यायचा. ड्यूक ड्रोसी कचरा उचलायचा आणि येताना स्वतःचा डबा घेऊन यायचा. हेन्री गॉडविन डुकरं पाळायचा. १९९६ मध्ये टी. एल. हॉपर नावाचा प्लंबर आला, मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप हातात धरून. बोलावल्यावर येणारा मी पाहिलेला तो पहिला प्लंबर. टेड डिबियासी तेवढा गडगंज श्रीमंत होता, पण एवढ्या कष्टकऱ्यांत एखादा भांडवलदार लागतोच. आणि अंडरटेकर म्हणजे प्रेतं पुरणारा, त्याचा धंदा तर बारमाही. त्याला मंदी माहीत नाही.

शिवाय बढत्या होत्या. १९९५ मध्ये आयझॅक यांकेम नावाचा एक दंतवैद्य आला. स्वतःचेच दात किडलेले, त्यामुळे प्रॅक्टिस काही चालली नाही. मग त्याला डिझेल नावाच्या दुसऱ्या मल्लाचा डुप्लिकेट म्हणून घेतलं, तेही जमलं नाही. १९९७ मध्ये मुखवटा घालून तोच केन म्हणून आला आणि अंडरटेकरचा भाऊ निघाला. हाच ग्लेन जेकब्ज २०१८ मध्ये टेनेसीतल्या नॉक्स काउंटीचा मेयर म्हणून निवडून आला. चिकाटी असली की माणूस कुठून कुठे जातो, हे आई आम्हाला शेजाऱ्यांच्या मुलांची उदाहरणं देऊन सांगायची. चुकीची उदाहरणं देत होती.

तर ही सगळी नोकरदार मंडळी आमच्या डोंबिवलीच्या घरात पोचायची, ती मात्र फार हाल सोसून.

टीव्हीला आठ बटणं होती. झाकण उघडलं की आत प्रत्येक बटणाचं एक बारीक दातेरी चाक, ते फिरवून चॅनल पकडायचं. चाक फिरवायला कंपनीनं दिलेली प्लास्टिकची काडी पहिल्याच आठवड्यात हरवली होती, त्यामुळे आईच्या केसातली पिन. पहिली दोन बटणं दूरदर्शनची, त्यांना हात लावायचा नाही असा बाबांचा दंडक. तिसऱ्यावर केबलवाला दुपारी पिक्चर दाखवायचा, ते आईचं. चौथ्यावर झी. आठवं बटण माझं आणि दादाचं, त्यावर आम्ही प्राइम स्पोर्ट्स लावून ठेवायचो. पण आत्या राहायला आली की नेमकं आठवंच चाक फिरवून स्टार प्लसवरची इंग्रजी मालिका लावायची. भाषा तिला कळत नव्हती. तिला त्यांची स्वयंपाकघरं बघायची असत. ती गेल्यावर आम्ही पिन घेऊन बसायचो. चित्र आलं की आवाज नाही, आवाज आला की मुंग्या. मुंग्यांतून ब्रेट हार्टचा गुलाबी पोशाख ओळखता येई, बाकी सगळे अंदाजानं.

त्यात केबलचा बूस्टर तळमजल्यावरच्या काकांच्या विजेवर चाले. त्या बदल्यात त्यांना केबल फुकट. काका काटकसरी. रात्री झोपायला जाताना ते मेन स्विच बंद करून जात, म्हणजे फ्रिजसकट सगळं. वर तीन मजल्यांवर डझनभर मुलं, योकोझुना कोपऱ्यातल्या दोरावर चढलाय, खाली कोणीतरी पसरलेला, आता तो त्याच्या छातीवर बसणार, आणि खट्. काळोख. दुसऱ्या दिवशी शाळेत ज्याच्या इमारतीत बूस्टर शाबूत होता तो सांगेल तो निकाल. असल्या मुलांनी शाळेत फार सत्ता भोगली.

बाबांना हा सगळा प्रकार नामंजूर होता. बाबा आयकर खात्यात होते. घरी आल्यावर हातपाय धुऊन चहा आणि बातम्या, एवढाच त्यांचा टीव्हीशी संबंध. उघडेबंब लोक एकमेकांना आपटतात हे बघण्यात काय आहे, असं ते म्हणत आणि बटण दाबत. एका संध्याकाळी असेच ते टीव्ही बंद करायला आले आणि तेवढ्यात रिंगकडे एक माणूस चालत आला. पांढरा शर्ट, लाल टाय, गॅलिस, चष्मा, हातात ब्रीफकेस. माइक घेऊन तो प्रेक्षकांना करबुडवे म्हणाला.

"हा कोण?" बाबांचा हात बटणावरच.

"आय.आर.एस.," दादा म्हणाला. "इन्कम टॅक्सवाला."

बाबा बसले.

अर्विन आर. शायस्टर हे त्याचं पडद्यावरचं नाव, आद्याक्षरं अमेरिकेच्या आयकर खात्याची, आय.आर.एस. खरा माणूस माइक रोटुंडा. तो खलनायक होता. लोक त्याच्यावर ओरडायचे, शिट्ट्या मारायचे. बाबांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. लोक असंच करतात, म्हणाले. त्यांच्या नोकरीत आजवर कुणी त्यांना बघून टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मात्र जगातल्या कुठल्याशा करमणुकीत आपल्या खात्याचा माणूस धाड घालून झाल्यावर पडद्यावर थांबतो, त्याला काम मिळतं, कधी कधी तो जिंकतोही, हे त्यांनी प्रथमच पाहिलं. त्या दिवसापासून तो 'आपला माणूस' झाला. आपला माणूस आज आहे का? आपल्या माणसाची कुणाशी आहे? आपला माणूस आणि डिबियासी मिळून 'मनी इंक' नावाची जोडी करायचे आणि जोडीचं विजेतेपदही मिळवायचे. त्यावर मात्र बाबांचा तीव्र आक्षेप होता. असेसीबरोबर, म्हणजे ज्याच्याकडून कर घ्यायचा त्याच्याबरोबर, एवढी ऊठबस बरी नव्हे.

दुसरा आक्षेप टायला. आपला माणूस शर्ट-पँट-टाय घालूनच कुस्ती खेळायचा. समोरचा हमखास तो टाय धरून त्याला गरगर फिरवायचा. "अरे, टाय काढ आधी!" बाबा ओरडायचे. बाबांनी आयुष्यात लग्नाखेरीज टाय लावला नव्हता. खात्यात टाय लावणाऱ्यांचं शेवटी काय होतं, हे ते जाणून होते.

१९९४ मध्ये तटांकाचं प्रकरण झालं. तटांका हा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी, उमदा गडी, आमचा लाडका. चीफ जे स्ट्राँगबो या ज्येष्ठ मल्लानं त्याला पिसांचा पवित्र मुकुट भेट दिला होता. आपला माणूस आला आणि म्हणाला, या भेटीवरचा कर भरलेला नाही. आणि मुकुटाची पिसं उपटून त्यानं त्याचा पार चोळामोळा केला. दादा रडकुंडीला आला. मी उशी फेकली. बाबा मात्र पुढे सरकून बसले. "बरोबर आहे. गिफ्ट टॅक्स. आपल्याकडेही १९५८ चा कायदा आहे." मग एकदम थांबले, चष्मा काढला. "पण नोटीस चुकीच्या इसमाला दिलीय. गिफ्ट टॅक्स देणारा भरतो, घेणारा नाही. त्या म्हाताऱ्याला धरायला हवं."

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत राहिलो. बाबा पुटपुटले, "नवीन आहे. शिकेल."

त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही असं आई सांगते.

या खेळाबरोबर पत्तेही आले. ट्रम्प कार्ड. प्रत्येक पत्त्यावर एका मल्लाचा फोटो आणि खाली रँक, उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या. जायंट गोन्झालेझचा पत्ता हातात आला की उंची बोलायची. त्याची उंची आठ फूट सांगत. (अंगावर रंगवलेले स्नायू आणि चिकटवलेले केस असलेला चड्डी-बनियन एकत्र शिवल्यासारखा त्याचा पोशाख आठवला की वाटतं, उंचीत तरी किती रंगवली असेल.) हे पत्ते एका रविवारी बाबांच्या हाती लागले. दुपारच्या जेवणानंतर ते जमिनीवर बसले, सगळा कॅट मांडला, लाल पेन घेतलं आणि मागच्या पाठकोऱ्या कागदावर बेरीज सुरू केली. तासाभरानं त्यांनी दादाला हाक मारली.

"एक जिंकतो तेव्हा दुसरा हरतो ना?"

"हो."

"मग एकूण जिंकलेल्या आणि एकूण हरलेल्या सारख्या यायला हव्यात. इथे जिंकलेल्याच जास्त आहेत. हरलेले गेले कुठे?"

दादा म्हणाला, हरणाऱ्यांचे पत्ते छापत नाहीत. बाबांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे दुसरी वही आहे," म्हणाले, आणि त्यांना ते पटलं. त्यांच्या नोकरीत सगळ्यांचीच दुसरी वही असे.

खरी की खोटी, हा वाद घरात रोजचा होता. आईचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं, खोटी. तिचा पुरावा म्हणजे रेफरी. कोणी खुर्ची उचलली, कोणी डोळ्यांत मीठ फेकलं की रेफरी नेमका दुसरीकडे बघत असायचा, अगदी आमच्या सोसायटीच्या चेअरमनसारखा. आई म्हणायची, एवढा आंधळा माणूस पगार न घेता असा राहूच शकत नाही.

आजीचं मत उलट. ती याला 'फ्रीस्टाइल' म्हणायची. आजोबा वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग बघून आलेले आणि पुढे आयुष्यभर तेच सांगत बसलेले. मुंबईत दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला, तोवर दारासिंगच्या ऐन उमेदीतल्या कुस्त्या होऊन गेलेल्या. आजीनं त्या पाहिल्या त्या आजोबांच्या हातवाऱ्यांतून. एका हातवाऱ्यात तर माठ फुटला होता. पण तिचा खरा पुरावा वेगळा. १९८७ मध्ये रविवारी सकाळी टीव्हीवर 'रामायण' लागलं आणि त्यात दारासिंग मारुती झाला. फ्रीस्टाइल खेळणाऱ्या माणसानं तिच्या डोळ्यांदेखत द्रोणागिरी उचलला होता. त्याची कुस्ती खोटी म्हणणाऱ्याला ती शनिवारी तेल घालायला पाठवायची.

तसं बघितलं तर टीव्ही आणि ही कुस्ती यांची सोयरीक आमच्या फार आधीची. अमेरिकेत महायुद्ध संपून टीव्ही नवा नवा आला तेव्हा कॅमेरे अवजड आणि जागचे हलेनात. बेसबॉलचं अख्खं मैदान त्यात मावायचं नाही. कुस्तीचा चौक बरोबर मावायचा. वर छप्पर, माणसं दोन, खर्च बेताचा. १९४७ च्या सुमाराला लॉस एंजेलिसहून जॉर्ज वॅग्नर नावाचा मल्ल 'गॉर्जस जॉर्ज' म्हणून पडद्यावर झळकला. केस सोनेरी रंगवून कुरळे केलेले, अंगात झुळझुळीत झगा, पुढे एक नोकर रिंगमध्ये अत्तर फवारतोय. कुस्तीआधी केसांतल्या सोनेरी पिना काढून तो प्रेक्षकांत उधळायचा. लोकांना त्याचा इतका राग यायचा की त्याला हरताना बघायला ते पुन्हा पुन्हा येत. बढाई मारली की तिकिटं खपतात हे आपण त्याच्याकडून शिकलो, असं पुढे मुहम्मद अलीनंही सांगितलं. टीव्ही लावायला केसांतली पिन लागते, हे तिकडेही होतंच म्हणायचं.

जपानची तर आणखी गंमत. १९५४ च्या फेब्रुवारीत रिकिदोझान शार्प बंधूंशी लढला, तेव्हा टोकियोत चौकाचौकांत लावलेल्या टीव्हीपुढे माणसांचे थवे लोटले. युद्धात हरलेल्या लोकांना अमेरिकन धिप्पाडांना मार पडताना बघायचा होता. शार्प बंधू मूळचे कॅनडाचे आणि रिकिदोझान जन्मानं कोरियन. पण रागाच्या भरात जन्मदाखले कोण बघतो? आमचा 'जपानी' योकोझुनासुद्धा सान फ्रान्सिस्कोचा सामोअन होता. बाबांना हे तेव्हा कळलं असतं तर त्यांनी रहिवासी दाखला मागितला असता.

आमच्याकडे सगळ्यात मोठी अफवा अंडरटेकरची. तो मेला. मग जिवंत झाला. त्याला सात जन्म आहेत, त्यातले तीन झाले. १९९४ च्या समरस्लॅम या मोठ्या दंगलीत तर दोन अंडरटेकर समोरासमोर आले. डिबियासीनं आणलेला एक खोटा आणि एक खरा. कॉलनीत हाहाकार. आजीला त्यात नवल वाटलं नाही. पानिपतानंतर भाऊसाहेबांचाही तोतया आला होता, म्हणाली, आणि बऱ्याच जणांना तो खरा वाटला होता. मग १९९६ मध्ये एका हिंदी पिक्चरमध्ये अक्षय कुमारनं अंडरटेकरला डोक्यावर उचललं आणि आमच्या वर्गात सरळ दोन पक्ष पडले. अक्षयनं हरवलं म्हणजे हरवलं, असं एका पक्षाचं म्हणणं. कित्येक वर्षांनी कळलं की पिक्चरमधला अंडरटेकर म्हणजे समरस्लॅममधला तोच तोतया, ब्रायन ली. म्हणजे आपल्या हिरोनं उचलला तोही डुप्लिकेटच. दादा हे ऐकून अर्धा दिवस कुणाशी बोलला नाही. तो आता बँकेत मॅनेजर आहे.

आपल्या माणसाचा शेवट मात्र अंडरटेकरनंच केला. १९९५ च्या रॉयल रंबल या दंगलीत दोघांची कुस्ती झाली. आमच्यापर्यंत ती पोचायला उशीर झाला, कारण अमेरिकेत केव्हाच निकाल लागलेली कुस्ती आमच्याकडे शिळी होऊन, व्हिडिओ लायब्ररीतल्या झिजलेल्या कॅसेटवरून येई. आपला माणूस टायसकट आडवा झाला. आम्ही बाबांकडे बघितलं. बाबांनी खांदे उडवले. "मेलेल्याकडून वसुली होत नसते. आपल्याकडे मेलेल्याच्या मालमत्तेवरची एस्टेट ड्युटी १९८५ लाच काढून टाकली." त्यानंतर काही महिन्यांत आपला माणूस तिथून दिसेनासा झाला आणि बाबांनी पुन्हा बातम्या सुरू केल्या. पुढे गिफ्ट टॅक्सही १९९८ मध्ये गेला. एकेक पैलवान गळत गेला तशी एकेक कलमं गळत गेली, असं ते अजून म्हणतात. मागून आलेले स्टोन कोल्ड वगैरे लोक त्यांनी बघितलेच नाहीत. स्टोन कोल्ड आपल्या साहेबालाच मारतो, असं आम्ही कौतुकानं सांगितलं होतं, त्यावर ते म्हणाले, पेन्शनचं काय करणार?

तर परवाची गोष्ट. पुतण्याबरोबरचा तो तास संपवून मी बाबांच्या खोलीत गेलो. बाबा आता निवृत्त, ऐकू थोडं कमी येतं, सोसायटीचा हिशेब अजून तेच तपासतात. म्हटलं, बाबा, एक गंमत सांगू? आपल्या घरात इतकी वर्षं खरी-खोटीवरून भांडणं झाली ना, तर या कंपनीनं १९८९ मध्येच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे स्वतःहून कबूल केलं होतं, की हा खेळ नाही, करमणूक आहे. खेळ म्हटलं की क्रीडा आयोगाची देखरेख आली, परवाने आले, वर राज्याचा कर आला. तो टाळायला सरळ सांगून टाकलं.

बाबांनी हिशेबाची वही मिटली. मला वाटलं, दुखावले. इतक्या वर्षांनी सांगायला नको होतं.

"म्हणजे कर वाचवायला खरं बोलले," ते म्हणाले.

"हो."

"असा असेसी मी अख्ख्या सर्व्हिसमध्ये पाहिला नाही." मग जरा वेळानं, "आपला माणूस कधी आला?"

"१९९१."

बाबांनी बोटांवर मोजलं. "दोन वर्षं. फाइल इकडून तिकडे जायला तेवढी लागतातच. बरोबर आहे. वसुलीलाच आला होता तो."

"पण बाबा, तो कर राज्याचा होता. आय.आर.एस. केंद्राचं खातं."

बाबांनी वही पुन्हा उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि मी अजून नवीन आहे, शिकेन, अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं.

"मग डेप्युटेशनवर पाठवला असेल," म्हणाले.